हरवला घोडा, शोधला साचा

आमच्या मामंजींचा बुद्धिबळाचा पट हा आमच्या कुटुंबातला एक मानकरी आहे. मी या घरात आले त्याच्या कितीतरी आधीपासून तो इथे आहे, सासूबाईसुद्धा त्याच्यानंतरच्याच. मामंजींनी नोकरीच्या पहिल्या पगारातून तो घेतला आणि घेतल्यावर चारच महिन्यांनी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले. आमचे बिऱ्हाड तेव्हा नदीकाठच्या पेठेत. पाणी ओसरल्यावर लोक भांडीकुंडी शोधत होते, आणि मामंजी व त्यांचे मित्र बापूसाहेब गुडघाभर चिखलात प्यादी चाचपत होते. बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या सापडल्या. नुकसान म्हणाल तर एका काळ्या घोड्याचा डावा कान तेवढा टवका उडून गेला.

पुराने जे नेले नाही ते आमच्या स्थलांतराने नेले. वाडा पाडून इमारत व्हायची ठरली, आम्ही सामान बांधून दुसरीकडे राहायला गेलो, आणि तिथे पट मांडला तेव्हा एक काळा घोडा बेपत्ता! पोती, ट्रंका, गाद्यांच्या घड्या, सगळे उलटेपालटे करून झाले. घोडा नाही तो नाहीच. शेवटी त्याच्या घरात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे झाकण बसले.

दुसऱ्या घरात हा विनोद झाला असता. आमच्या घरी तो झाला नाही, कारण काचबिंदूने मामंजींची दृष्टी गेली त्याला आता नऊ वर्षे होतील. तेव्हापासून ते बोटांनी खेळतात. सोंगटीच्या डोक्यावरून बोट फिरले की हा उंट, हा वजीर, हा हत्ती, हे त्यांना कळते. संपूर्ण पट त्यांच्या डोक्यात मांडलेला असतो आणि बोटे फक्त हजेरी घेतात. त्या हजेरीत झाकण आले की सगळी मांडणी विस्कटे. झाकण हलके, धक्क्याने शेजारच्या घरात सरके. दर बुधवारी बापूसाहेब येत. "काय रे, झाकणाने शह देतोस?" असे ते म्हणाले की मामंजी हसत, पण पुढे पुढे बुधवारी मामंजींचे डोके दुखू लागले. आज नको, पुढल्या खेपेस पाहू. बुधवारी दुपारी घरात सोंगट्यांचा आवाज नाही, ही गोष्ट मला माजघरातल्या घड्याळाची टिकटिक थांबावी तशी जाणवू लागली.

मग शोध सुरू झाला. आधी मी गेले ती लाकडाचे कातकाम करणाऱ्याकडे. त्याने उरलेला घोडा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत दिला. "प्यादं सांगा, हत्ती सांगा, राजा सांगा, चरकावर करून देतो. घोडा चरकावर होत नाही, तो हाताने कोरावा लागतो." खरेच आहे. आज आपण ज्या घाटाच्या सोंगट्या पाहतो तो घाट १८४९ साली इंग्लंडात नोंदवला गेला आणि त्या काळचे नामांकित खेळाडू स्टाँटन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात बाकी सगळी मंडळी गोल, म्हणून चरकावर निघतात. घोडा तेवढा कारागिराची परीक्षा पाहतो. आपल्याकडे अमृतसरला अशा लाकडी सोंगट्या मोठ्या प्रमाणावर होतात, पण एकच घोडा, तोही साठ वर्षांपूर्वीच्या मापाचा, कोण कोरून देणार? नवा पट आणून त्यातला घोडा लावून पाहिला, तो उंटाच्या वर मान काढून उभा राहिला. अंधांसाठी खास केलेला पटही आणला. त्यात प्रत्येक घराला भोक असते, सोंगटीच्या तळाला खुंटी असते, काळी घरे किंचित उंच असतात. फार सोयीचा. मामंजींनी तो चाचपला, कौतुक केले आणि म्हणाले, "चांगला आहे. पण सूनबाई, ही परकी माणसं आहेत."

अशा वेळी आमची धाकटी कन्या म्हणाली, "आई, आपण घोडा ओतू या की!"

धाकटी कॉलेजात आहे आणि तिला रेझिनचा नाद आहे. वाळलेली फुले, पाने, चमकी असे काहीबाही पारदर्शक रसात घालून ती त्याची कर्णफुले, किल्ल्यांचे लोलक, पुस्तकातल्या खुणा करते आणि दिवाळीपूर्वीच्या प्रदर्शनात विकते. तोवर या उद्योगाशी माझा संबंध एवढाच होता की माझी वाडगी नाहीशी होत. आता मला त्यात शिरावे लागले, आणि शिरल्यावर कळले की हा विषय वाटला तितका परका नाही.

रेझिन म्हणजे राळ. राळ आपल्या घरात धुपाबरोबर आहे, लाख बांगड्यांत आहे, आणि लाक्षागृहाची गोष्ट तर आपण पाळण्यात ऐकली. झाडाने किंवा किड्याने दिलेली ती राळ. प्रयोगशाळेत केलेली राळ ही तिची धाकटी बहीण. बेकलंड यांनी १९०७ साली अमेरिकेत बेकेलाइट केले आणि आपल्या घराघरांत विजेची ती काळी बटणे आली. धाकटी जे रेझिन वापरते ते इपॉक्सी. त्याचा एक मूळपुरुष म्हणजे स्वित्झर्लंडचे पियर कास्तान. १९३० नंतरच्या दशकात ते दातांच्या कवळीसाठी नवा पदार्थ शोधत होते, त्यातून ही वस्तू निघाली. हे ऐकून मामंजींनी स्वतःची कवळी जिभेने चाचपली आणि म्हणाले, "म्हणजे घोडा आमच्या नात्यातलाच निघाला!"

बाजारात मात्र 'रेझिन द्या' म्हणून भागत नाही. मी पहिल्यांदा अशीच एका फायबरच्या दुकानात गेले. त्याने जीपी रेझिनचा डबा पुढे केला, स्वस्त होते, मी घेणारही होते. धाकटीने हात धरला. ते पॉलिएस्टर जातीचे. टाक्या, पत्रे, मूर्ती यांना ते उत्तम. पण त्याचा उग्र वास घरभर राहतो आणि राहत्या घरात ते काम करू नये. त्याबरोबर दोन बाटल्या मिळतात, एक कोबाल्टची आणि एक हार्डनरची. या दोन कधीही एकमेकींत थेट मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायची, मग दुसरी. दुकानदाराने हे सांगितले नाही तर आपण विचारावे. तिसरा प्रकार अतिनील दिव्याखाली मिनिटा-दोन मिनिटांत घट्ट होणाऱ्या रेझिनचा. छोट्या, पातळ, पारदर्शक दागिन्यांना तो छान. पण प्रकाश आतवर पोचला तरच तो जमतो. काळा घोडा त्यात ओतला असता तर वरून टणक आणि पोटात पातळ राहिला असता. तेव्हा आमच्या कामाला इपॉक्सीच. त्यातही चिकटवण्याचे आणि ओतण्याचे निराळे असते. ट्यूबमधून मिळणारे घरगुती चिकटद्रव्य याच कुळातले खरे, पण ते दाट असते आणि लवकर आवळते. ओतकामाला पातळ, सावकाश घट्ट होणारे हवे. पुण्यात हे सामान बोहरी आळीच्या गर्दीत आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपास रंग-कागद विकणाऱ्यांकडे विचारत गेल्यास मिळते, आणि जिथे अशी आळी नाही तिथे ते टपालाने घरी येते. मला विचाराल तर पहिली बाटली दुकानातूनच घ्यावी. बाटली हातात घेऊन लेबल वाचता येते, भरल्याची तारीख पाहता येते. थंडीत रेझिनमध्ये मध साखरल्यासारखे कण दिसतात, म्हणून ते खराब झाले असे नाही; बाटली कोमट पाण्यात ठेवली की विरघळतात.

आता साचा. या बाबतीत मी कोणाकडून हार जाणार नाही. ताटाला तुपाचा हात लावल्याशिवाय वडी थापू नये हे जिला ठाऊक आहे, तिला साच्याचे अर्धे शास्त्र आधीच येते. चिकटू नये आणि निघावे, या दोनच गोष्टी साच्याकडे मागायच्या असतात.

चिकटू नये म्हणाल तर घरातच खजिना आहे. श्रीखंडाचा रिकामा डबा उलटा करून तळाचा त्रिकोण पाहा. आत ५ हा आकडा असला तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्याला इपॉक्सी धरत नाही. त्यात ढवळावे, त्यातच उरलेले घट्ट होऊ द्यावे, दुसऱ्या दिवशी डबा दाबला की चकती सुटून बाहेर. बर्फाचे आणि केकचे सिलिकॉनचे साचे तर फारच गुणी. काच, लाकूड, चिनीमाती, धातू मात्र धरून ठेवतात. काचेच्या वाटीत ओतले तर वाटीसकट दागिना घालावा लागेल. साच्याचा आतला अंग गुळगुळीत असेल तर ओतीव वस्तू चकाकते, खरबरीत असेल तर मंद दिसते, हेही आधीच पाहून घ्यावे. आणि एक नियम मी आमच्या घरी घालून दिला आहे: रेझिनला दिलेला साचा, चमचा, वाटी पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही. तसेच या रेझिनचे पेले, नैवेद्याच्या ताटल्या करून त्यात खाणेपिणे करू नये. शोभेची वस्तू शोभेलाच ठेवावी.

निघावे, ही दुसरी गोष्ट अवघड. मोदकाचा साचा उघडतो म्हणून मोदक निघतो. घोड्याच्या हनुवटीखाली खाच, कानांमागे खाच, आयाळीत रेघा. ताठ साच्यात तो अडकून बसतो. म्हणून साचा रबरासारखा लवचीक पाहिजे. पेणला गणपतीच्या कारखान्यांत रबराच्या साच्यांतून सोंडेसकट मूर्ती कशी सोडवतात हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच समजेल. बाजारात बुद्धिबळाच्या सोंगट्यांचे तयार सिलिकॉनचे साचेही मिळतात. धाकटीने एक मागवलाही; पण त्यातला घोडा निराळ्या चेहऱ्याचा. मामंजींच्या बोटांना चालणार तो एकच, आणि त्याचा साचा त्याच्याच अंगावरून घ्यायला हवा होता.

इथे माझ्या पोटात गोळा आला. दोन घोड्यांतला एक गेलेला. उरलेल्यावर प्रयोग करायचा! मामंजींना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. "पाण्यातून वाचलाय तो," ते म्हणाले, "तुमच्या हातून काय होणार?"

काय होणार ते आम्ही दाखवून दिले.

साच्याचे सिलिकॉन दोन भागांत येते आणि ते मिसळल्यावर काही तासांत खरवसासारखे थिजते. धाकटीने चांगल्यातले आणले, प्लॅटिनमच्या योगाने थिजणारे, सम भागांत मिसळायचे. घोडा उभा राहावा म्हणून तिने त्याच्या तळाशी मुलांच्या खेळण्यातल्या रंगीत मातीची बैठक केली आणि वरून सिलिकॉन ओतले. सकाळी पाहिले तर वरचा भाग झकास थिजलेला, आणि मातीला लागलेला सगळा भाग पिठल्यासारखा चिकट. घोड्याचा खालचा अर्धा भाग त्यात लडबडलेला. त्या मातीत गंधक होते. या जातीच्या सिलिकॉनला गंधकाचे वावडे असते; तेवढ्या स्पर्शाने ते थिजायचे नाकारते. पांढुरक्या रबरी हातमोज्यांनीसुद्धा हाच घात होतो.

धाकटी रडकुंडीला आली. तिने पुसायला स्पिरिटची बाटली उचलली, आणि तेवढ्यात मला देव आठवला म्हणायचा. जुन्या लाकडावरचे पॉलिश लाखेचे असते आणि लाख विरघळते ती स्पिरिटमध्येच. त्या बोळ्याने घोड्याची साठ वर्षांची कांती उतरली असती. आम्ही मऊ फडक्याने पुसले, मग रंगाऱ्याकडचे मिनरल टर्पेंटाईन थोडे थोडे लावून, कानाकोपऱ्यांत दातकोरणी फिरवून, दुपारभर बसून घोडा साफ केला. मामंजी पलंगावरून विचारत होते, "काय चाललंय?" मी म्हटले, "खरारा!" तेव्हा मी खरे सांगितले नाही, ते या लेखातून सांगते आहे.

दुसऱ्या खेपेस आम्ही शहाण्या झालो होतो. या वेळी कथिलाच्या योगाने थिजणारे सिलिकॉन आणले. पांढरे, दाट, शंभर ग्रॅमला काही थोडे ग्रॅम द्रव घालायचा, नेमका किती ते डब्यावर असते. हे गंधकाला एवढे भीत नाही. काही वर्षांनी त्याचा साचा किंचित आकसतो म्हणतात, पण आम्हाला काय घोड्यांचा तबेला करायचा नव्हता. आधी घोड्याच्या तळाची बनात सोडवून तिथे लाकडावर थेंबभर लावून रात्रभर ठेवले. सकाळी ते स्वच्छ सुटले, तेव्हा पुढचे पाऊल टाकले. ही थेंबाची परीक्षा पहिल्याच दिवशी का केली नाही, असे तुम्ही विचाराल. हेही तसेच विचारत होते.

साच्याची पेटी म्हणून हिंगाची प्लॅस्टिकची डबी, गळा कापून. घोड्याभोवती सर्व बाजूंनी सेंटिमीटरभर जागा राहील अशी ती नेमकी भरली. हिंगाचा वास येतो तोही गंधकाच्या संयुगांचाच, म्हणून पहिल्या जातीचे सिलिकॉन असते तर या डबीचा नाद मी सोडला असता. किती सिलिकॉन लागेल हे कळायला सोपी युक्ती: घोडा डबीत ठेवून वर बोटभर येईपर्यंत तांदूळ भरायचे आणि ते मापात ओतून पाहायचे. आमचे १४० मिलिलिटरच्या आसपास भरले. तांदूळ अर्थात आधी, घोडा नंतर पुसून. घोड्याला व्हॅसलिनचा अगदी पुसट हात, तळाला दुहेरी चिकटपट्टी, आणि मग एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओतायचे. धार घोड्यावर पडू द्यायची नाही. रस खालून वर चढत गेला की हवा पुढे ढकलली जाते आणि बुडबुडा अडकत नाही. एक रात्र थांबून डबी कापली, सिलिकॉनच्या एका बाजूला पात्याने उभी चीर दिली आणि घोडा मिठाईच्या पुडक्यातून निघावा तसा बाहेर आला. साच्यात डोकावले तर आयाळीच्या रेघाच काय, लाकडाचे तंतूसुद्धा उमटलेले! मी त्या घोड्याला आधी देवापुढे ठेवले आणि मग मामंजींच्या हातात दिला. सिलिकॉन कशालाच चिकटत नाही. चिकटते ते फक्त स्वतःच्या भाऊबंदांना, हे त्याचे माणसांहून वेगळेपण. त्यामुळे दोन पाळ्यांचा साचा करायचा असेल तर मध्ये व्हॅसलिन हवेच.

ओतकामही पहिल्या फटक्यात जमले नाही. पहिला घोडा दोन दिवस झाले तरी कच्च्या पाकाच्या चिक्कीसारखा चिकट. डब्यावर दोनास एक हे प्रमाण वजनाचे होते आणि धाकटीने चमच्यांनी मोजले होते. दोन्ही द्रवांचा जडपणा सारखा नसतो, त्यामुळे चमचे आणि ग्रॅम यांचा हिशेब जुळत नाही. मी म्हटले, "मग हार्डनर थोडा जास्त घाल, लवकर लागेल." इथे माझे स्वयंपाकघर मला फसवीत होते. पॉलिएस्टरचा हार्डनर विरजणासारखा असतो, चिमूटभर पुरतो. इपॉक्सीचा हार्डनर हे विरजण नव्हे, तो लग्नातला दुसरा पक्ष आहे. रेझिनच्या प्रत्येक कणाला त्याचा जोडीदार मिळावा लागतो. कमी पडला तरी बिघाड, जास्त झाला तरी बिघाड. म्हणून दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. २० ग्रॅमला १० ग्रॅम, एवढ्यात आमचा एक घोडा होई. तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे, कडा आणि तळ खरवडून घ्यावा, मग दुसऱ्या पेल्यात ओतून पुन्हा ढवळावे. भरभर फेटू नये, ते अंडे नाही.

दुसऱ्या घोड्याला नाकावर आणि कानात भोके पडली. साच्यात घोडा डोके खाली करून असतो, त्यामुळे कानांच्या टोकांत हवा दडून बसते. उपाय असा: आधी चमचाभर रेझिन घालून साचा तिरका फिरवायचा, दातकोरणीने कानांत पोचवायचे, चीर किंचित दाबून हवा सोडायची आणि मग उरलेले भरायचे. शिवाय तो आषाढातला दिवस, हवा दमट. घोड्याच्या तळावर तेलकट साय आली. ती साबणाच्या पाण्याने धुऊन जाते, पण पावसाळ्यात खिडकीशी हे काम करू नये एवढे कळले. खिडकीशी करू नये, आणि खिडकी बंद करूनही करू नये. हवा खेळती पाहिजे. हातमोजे नायट्राईलचे हवेत. मी एकदा 'एवढ्याशाला काय' म्हणून उघड्या हाताने पेला पुसला आणि मनगटाला चार दिवस खाज सुटली. हार्डनरचे हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: एकदा अंगाने तो नाकारला की पुढे थोडा स्पर्शही पुरतो, आणि मग हा छंद कायमचा सोडावा लागतो. उरलेले रेझिन मोरीत ओतू नये, घट्ट झाल्यावरच टाकावे. आणि मोठा पेलाभर कालवून गप्पा मारत बसू नये. थोडे असताना ते जेमतेम कोमट होते. जास्त असेल तर स्वतःच्या उष्णतेने तापत जाते. प्रदर्शनाच्या घाईत धाकटीचा एक पेला असा तापला की त्यातून धूर निघू लागला आणि तो बाल्कनीत पळवावा लागला.

तिसऱ्या घोड्यासाठी त्या कातकाम करणाऱ्याकडून शिसवीचा भुसा आणला. बारीक चाळणीने चाळला, तव्यावर मंद कोरडा करून घेतला, कारण भुशात ओल राहिली तर बुडबुडे येतात. तो मिसळल्यावर रस काळसर तपकिरी झाला, बाटलीतल्या कोणत्याही रंगाने आला नसता असा. एक दिवस साच्यात ठेवला. अंगचा पूर्ण टणकपणा यायला आणखी काही दिवस जातात, तोवर घासू नये. मग वॉटर पेपर सपाट काचेवर ठेवून, पाण्यात भिजवून तळ घासला. पाण्यात घासले की धूळ उडत नाही, आणि ही धूळ नाकात जाऊ द्यायची नसते.

घोडा उभा राहिला. दिसायला तर आम्हालाच दोघांतला फरक सांगता येईना. मी तो काट्यावर ठेवला: २९ ग्रॅम. जुना ठेवला: २२ ग्रॅम. शिसव पाण्यावर तरंगेल इतके हलके आणि रेझिन पाण्याहून जड, त्यामुळे एकाच साच्यातल्या दोघांचे वजन एक कसे होणार? डोळसाला सात ग्रॅम कळले नसते. मामंजींना कळले असते. पुन्हा कातकामवाल्याकडे. त्याने तळातून वीस मिलिमीटर रुंदीचे आणि जवळजवळ तितकेच खोल भोक पाडून दिले, पैसे घेतले नाहीत, फक्त घोडा बराच वेळ न्याहाळला. घरी येऊन तळाला हिरवी बनात चिकटवली. काटा बावीसवर आला.

बुधवारी बापूसाहेबांना निरोप धाडला. मामंजींना काही सांगितले नव्हते. पट मांडला, झाकण उचलून ठेवले आणि त्या जागी नवा घोडा. मामंजींनी सवयीने काळ्यांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. हत्ती. घोडा. उंट, वजीर, राजा, उंट. आणि मग घोडा. बोट थांबले. त्यांनी तो उचलला, तळहातावर तोलला, मान, आयाळ, थोबाड. मग पहिला घोडा दुसऱ्या हातात घेतला. आम्ही मायलेकी दाराशी श्वास रोखून उभ्या.

"दोघांचाही डावा कान तुटलेला कसा?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. उरलेला घोडा हा पुरात कान गेलेलाच घोडा होता, हे आमच्या रोज नजरेसमोर असूनही कोणाच्या ध्यानात आले नव्हते. साच्याने लाकडाचे तंतू टिपले, तसा टवकाही इमानाने टिपला होता. "आजोबा, मी कान भरून देते," धाकटी म्हणाली, "थोडंसं रेझिन लावून कानसलं की झालं."

"राहू दे," मामंजी म्हणाले. "हाही पुरातून आलाय म्हणू." आणि मग थोड्या वेळाने, "थोडा गार लागतो. होईल सवय."

"खेळणार आहेस का पागा तपासत बसणार आहेस?" बापूसाहेब म्हणाले.

त्या दिवशी डाव संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत चालला आणि बापूसाहेब हरले. हरल्यावर ते नेहमी तडक उठतात. त्या दिवशी चहा पिऊन झाला तरी बसून राहिले. मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून ती त्यांनी धाकटीपुढे सोडली. आत जुन्या रेडिओचे एक बेकेलाइटचे बटण होते, दोन तुकडे झालेले.

"याचा साचा निघेल का गं पोरी?"

धाकटीने तुकडे जुळवून पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, "आई, हिंगाची आणखी एक डबी आहे का?"